बाळाकडे पाहण्याचे शिक्षण

नवजात बाळ निरखण्याची विद्या महाराष्ट्रात आधी सुईणीकडे होती. मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेल्या पूर्णगडापासून गडचिरोलीपर्यंत ती हातातून हातात गेली. लंडनमध्ये एस्थर बिक यांनी १९४८ मध्ये बालमानसोपचारकांसाठी वेगळा अभ्यास सुरू केला: दोन वर्षे, दर आठवड्याला तासभर, बाळाच्या घरी जाऊन आई-बाळाकडे फक्त पाहायचे, टिपण नंतर लिहायचे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने पाहण्याला मोजण्याची जोड दिली. अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी त्यांनी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ यांचे साधन बनवले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनियाची शंका. निरक्षर बाईच्या नजरेवर इतका विश्वास टाकणे, हेच या कामाचे मोठेपण. १९९५ पासून गावातल्या प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी नवजात बाळे तपासू लागल्या. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटला; १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले.

२०११ मध्ये घरभेटींची ही पद्धत देशभरातल्या आशा आरोग्यसेविकांकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. वजन, ताप, अंगावर पिणे पाहते. २०१८ पासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या भेटींत आई बाळाशी बोलते-खेळते का, हेही पाहिले जाते.