खाऊचं कोडं

बुलढाण्याहून खामगावकडे जाताना बोथ्याचा घाट लागतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्ञानगंगा अभयारण्याचं रान पसरलेलं आहे, सुमारे 205 चौरस किलोमीटरचं. पळस, सालई, टेंभुर्णी, मधूनमधून मोह. या रानात कधी एखादं वारूळ एका बाजूने फोडलेलं दिसतं. माती ताजी असते, तिच्यावर नखांचे खोल, समांतर ओरखडे असतात आणि मधोमध नाकाड घुसेल एवढं भोक. रात्री तिथे अस्वल जेवून गेलेलं असतं.

अस्वलाचं हे जेवण सोपं नसतं. उन्हाळ्यात वारुळाची भिंत विटेसारखी टणक होते. अस्वल आधी वास घेत फिरतं, नेमकी जागा ठरवतं, मग लांब, बाकदार नखांनी उकरायला लागतं. वाळवीच्या बोळापर्यंत पोचलं की ते तोंडाने जोरात फुंकर मारून सुटी माती उडवून लावतं. नंतर नाकपुड्या मिटून ओठांची नळी करतं आणि आतली वाळवी ओढून घेतं. त्याच्या वरच्या जबड्यात समोरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून वाळवी थेट तोंडात येते. हा फुंकण्या-ओढण्याचा आवाज शांत रानात शे-दीडशे मीटरवरूनही ऐकू येतो. एवढं करून हाती काय, तर चिमूटभर वाळवी. मग दुसरं भोक, मग दुसरं वारूळ.

कुत्र्या-मांजरांसाठी आता बाजारात एक खेळणं मिळतं. भोकं पाडलेला रबरी चेंडू, सरकत्या झाकणांची पाटी, लोटलं की एकेक दाणा सांडणारा डबा. त्याला पझल फीडर म्हणतात, मराठीत सरळ खाऊचं कोडं म्हणावं. खाऊ आत दडवायचा आणि प्राण्याने तो डोकं चालवून बाहेर काढायचा. या खेळण्याची कुळकथा सांगताना पहिला मान बोथ्याच्या वारुळाला द्यायला हवा, कारण चेंडू आणि पाटी करणाऱ्यांनी वारुळाचीच नक्कल केली आहे, बहुतेकांनी नकळत.

ज्या जनावराचा जेवणासाठी एवढा खटाटोप चालतो, त्याला इंग्रजांनी नाव दिलं ‘स्लॉथ बेअर’, म्हणजे सुस्त अस्वल. 1791 मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने लांब नखं आणि नसलेले दात पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथ या झाडाला लोंबकळणाऱ्या प्राण्याच्या कुळात टाकलं. पुढे चूक कळली, अस्वल अस्वलांच्या कुळात परतलं, पण ‘स्लॉथ’ हा शब्द त्याला चिकटला तो चिकटलाच. मराठीने त्याला कधी आळशी म्हटलं नाही. आपल्याकडे ते केसाळ आणि रागीट ठरलं आणि शेतात अवचित गाठ पडली तर जिवावरचं संकट. बुलढाणा जिल्ह्यातल्या रानालगतच्या गावांना ही भीती आजही ठाऊक आहे.

या अस्वलाची दुसरी ओळख दरवेश्याने करून दिली. नाकात वेसण, गळ्यात दोर, डमरूच्या तालावर मागच्या पायांवर उभं राहिलेलं अस्वल आणि मुलांच्या ताइतासाठी त्याचे दोन केस. विदर्भातल्या आजच्या साठीच्या पिढीने हा खेळ दारात पाहिलेला आहे. 1998 मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळ करायला शिकवण्यावर आणि त्यांच्या प्रदर्शनावर बंदी आणली. उत्तरेत आणि दक्षिणेत हा धंदा करणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरं काम मिळवून देत, वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने सहाशेहून अधिक अस्वलं सोडवली. 2009 मध्ये शेवटचं नाचणारं अस्वल सुटलं.

सुटका झाली, आणि नवीनच प्रश्न उभा राहिला. लहानपणीच आईपासून तोडलेली, दात काढलेली ही अस्वलं रानात सोडता येत नव्हती. संस्थेच्या आग्र्याजवळच्या केंद्रात त्यांना दोन वेळचं मिळू लागलं, पण वर्षानुवर्षं दोरीला बांधलेलं जनावर दोर गेल्यावरही जागच्या जागी झुलत राहतं, मान हलवत राहतं, ठरावीक पावलांच्या येरझाऱ्या घालतं. पोट भरलेलं असतं, पण अंगात भिनलेलं काम करायला जागा नसते. म्हणून तिथे लाकडी ओंडक्यांना भोकं पाडून त्यांत मध भरायला सुरुवात झाली. ओंडका उलटायचा, जीभ लांब करायची, नखाने खरवडायचं. दात नसले तरी जीभ आणि नखं होतीच. आग्र्याचा हा मधाचा ओंडका म्हणजे बोथ्याच्या वारुळाचा सख्खा भाऊ.

माणसाने मुद्दाम बनवलेलं कोडं मात्र त्याच्या बरंच आधी, आणि अगदी वेगळ्या हेतूने जन्माला आलं. 1898 मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या एडवर्ड थॉर्नडाइक या तरुण विद्यार्थ्याने लाकडी पट्ट्यांच्या पेट्या ठोकल्या. दिसायला ओबडधोबड, फळांच्या खोक्यासारख्या. आत भुकेलं मांजर, बाहेर मासळीचा तुकडा. दार उघडायचं तर कुठे दोरीचा फास ओढायचा, कुठे फळीवर पाय द्यायचा, कुठे खिट्टी फिरवायची. मांजर आधी ओरबाडायचं, चावायचं, फटीतून अंग घालून पाहायचं, आणि धडपडीत कधीतरी नेमका फास ओढला जायचा. थॉर्नडाइक घड्याळ लावून बसायचा. दर खेपेला वेळ कमी होत गेला. शिकण्याचं शास्त्र ज्या प्रयोगांवर उभं राहिलं त्यांत या पेट्या अगदी वरच्या रांगेत येतात. जनावरांचा नाद त्याला आधीपासूनच होता. हार्वर्डमध्ये शिकत असताना घरमालकिणीने कोंबडीची पिल्लं ठेवू दिली नाहीत, तेव्हा त्याचे गुरू विल्यम जेम्स यांनी आपल्या घराचं तळघर त्याला दिलं होतं.

या पेटीत मांजर आत होतं आणि खाणं बाहेर. आजच्या खेळण्यात खाणं आत आहे आणि मांजर बाहेर. पेटी आतून बाहेर उलटली एवढंच, पण ती उलटायला जवळजवळ एक शतक लागलं. थॉर्नडाइकला मांजराची अक्कल मोजायची होती. मांजराला त्यात रस वाटतो का, हे विचारायची कुणाला गरजच भासली नव्हती.

तो प्रश्न पुढे आणला तो प्राण्यांनीच. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे जोडपं मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या हाताखाली शिकून प्राण्यांना शिकवण्याच्या धंद्यात उतरलं होतं. 1961 मध्ये त्यांनी आपल्या फसलेल्या प्रयोगांची प्रामाणिक यादीच छापली. त्यात एक डुक्कर होतं. लाकडी नाणं उचलून गल्ल्यात टाकायचं, की खाणं मिळणार. सुरुवातीला त्याने झटपट काम केलं. काही आठवड्यांनी ते वाटेतच नाणं टाकू लागलं, नाकाडाने उकरू लागलं, हवेत उडवून पुन्हा उकरू लागलं. भूक लागलेली असूनही! रॅकूनला नाणी दिली, तर ते ती एकमेकांवर घासत बसलं, जणू ओढ्यातला खेकडा सोलतंय. जे खाणं मिळवायला ते काम होतं, त्या खाण्यालाच उशीर होत होता आणि तरी त्यांना काम सोडवत नव्हतं.

दोन वर्षांनी, 1963 मध्ये, ग्लेन जेन्सनने प्रयोगशाळेतल्या उंदरांपुढे दोन पर्याय ठेवले. वाडग्यात आयतं खाणं, आणि शेजारी दांडी दाबली की मिळणारं खाणं. दांडी दाबायची सवय जितकी मुरलेली, तितका उंदरांचा ओढा कष्टाच्या खाण्याकडे जास्त दिसला. पुढे हीच गोष्ट कबुतरांत, कोंबड्यांत, माकडांत आढळली. ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ अशी म्हण करून मराठीने आयतोबांना चिमटा काढून ठेवला आहे. तो चिमटा माणसांना बसावा, जनावरांना लागू पडत नाही.

आणि हे वऱ्हाडातल्या कुठल्याही अंगणात बसून बघता येतं. घरातली बाई कोंबड्यांना ज्वारी घालते ती वाडग्यात ठेवत नाही, मूठ भरून अंगणभर फेकते. कोंबड्या धावतात, पायाने माती मागे सारतात, मान तिरकी करून एकेक दाणा टिपतात. दाणे संपले की उकिरड्यावर चढून पुन्हा उकरणं सुरू. प्राणिसंग्रहालयांच्या पुस्तकांत अन्न विखरून देण्याला आता शास्त्रीय नाव आहे. अंगणात ती रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिला नाव द्यावं असं कुणाला वाटलं नाही.

प्राणिसंग्रहालयांना ही गोष्ट उशिरा उमगली. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी 1942 च्या आपल्या पुस्तकात पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या जगण्याचा नीट विचार मांडला. पिंजरा किती मोठा, एवढंच मोजून भागत नाही; आत प्राण्याला करायला काय आहे हेही बघावं लागतं. 1970 च्या दशकात अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हॅल मार्कोविट्झने गिबन वानरांसाठी दोन टोकांना दोन दांड्या बसवल्या. एक ओढायची, झोका घेत पलीकडे जायचं, दुसरी ओढायची, मग फळ. भारतात 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं आणि पिंजऱ्याच्या मापांबरोबर प्राण्यांच्या विरंगुळ्याचा विचारही सरकारी कागदावर येऊ लागला.

घरातल्या खेळण्याचा उगम मात्र एका गॅरेजात आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ज्यो मार्कम नावाच्या माणसाकडे फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड होता. फ्रिट्झ दगड चावायचा, दात झिजवून घ्यायचा. मार्कम आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत होता आणि कुत्रं दगड चघळत होतं. वैतागून त्याने गाडीचे सुटे भाग एकामागून एक कुत्र्यापुढे टाकले. स्प्रिंगखालचा एक रबरी तुकडा फ्रिट्झला असा आवडला की दगड सुटले. त्या तुकड्याच्या आकारावरून ‘काँग’ हे पोकळ रबरी खेळणं तयार झालं. पोकळीत खाऊ भरला की कोडं आपोआप तयार होतं.

दुसरी वाट स्वीडनमधली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नीना ओटोसन यांच्या घरात लहान मुलं होती आणि दोन मोठी कुत्री. मुलांमुळे कुत्र्यांना वेळ देता येईना, ही टोचणी त्यांना लागली. त्यांनी लाकडाच्या पाट्या केल्या. खाच्यांत खाऊ, वर सरकते ठोकळे. काँगला दात लागतात, ओटोसनच्या पाटीला नाक आणि पंजा. मार्कमच्या खेळण्याची मुळं वैतागात आहेत, ओटोसनच्या पाटीची अपराधी वाटण्यात, आणि आज ज्या घरांत ती पोचली आहेत त्या घरांत या दोन्ही भावना ओळखीच्या आहेत.

बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातल्या कुत्र्याला यांतलं काही लागत नाही. त्याला वाटी नसते, फेरी असते. सकाळी एका दारी भाकरीचा कोर, दुसऱ्या दारी ताक, मग खळं, मग बाजाराच्या दिवशी खाटकाचा ओटा. कुठल्या दारी केव्हा जायचं, कुठे हाड्‌ ऐकायला मिळतं, हे सगळं त्याला पाठ असतं. रात्री राखण. त्याच जातकुळीचं पिल्लू शहरातल्या दोन खोल्यांत आलं की दोन मिनिटांत वाटी साफ होते आणि पुढे अख्खा दिवस उरतो. चपला कुरतडल्या जातात, गादी फाटते, दारात कुणी नसताना भुंकणं सुरू होतं. घरच्यांना वाटतं, कुत्रं वाया गेलं. खरं तर ते बेकार झालेलं असतं. त्याला मारून, दटावून काम मिळत नाही.

महागडं खेळणं घेतलंच पाहिजे असं नाही. जुना टॉवेल पसरावा, त्यावर वाळलेल्या भाकरीचे बारके तुकडे पेरावेत आणि सैल गुंडाळी करावी. पहिल्यांदा कुत्रं गुंडाळीभोवती फिरतं, मालकाच्या तोंडाकडे बघतं, पंजा मारून पाहतं. मग नाक खाली जातं. नाकपुड्या भराभर हलू लागतात, श्वासाचा फुसफुस आवाज येतो, आणि ते कापडाची कड शोधून काढतं. एक पाय कडेवर रोवून दातांनी ओढतं. पहिली घडी सुटते, तुकडा फरशीवर पडतो. त्या क्षणी त्याचे कान कसे उभे राहतात ते बघण्यासारखं असतं. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, नारळाची गुळगुळीत घासलेली करवंटी, यांचीही छान कोडी होतात. सुरुवात सोपी हवी, नाहीतर कुत्रं चिडून सोडून देतं. खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा करायचा. कापसाच्या मुलखात एक सावधगिरी जास्त लागते: सुतळी, दोरा, टॉवेलचे सुटलेले धागे पोटात गेले तर आतडी ओढली जाऊन जिवावर बेततं, म्हणून खेळ चालू असताना समोर बसावं. मनुके, कांदा, चॉकलेट आत घालू नये, ते कुत्र्याला विष आहे.

मांजराची तऱ्हा वेगळी, जशी ती सगळ्याच बाबतीत असते. 2021 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 17 घरगुती मांजरांपुढे एका बाजूला उघडी थाळी आणि दुसऱ्या बाजूला कोडं ठेवलं. मांजरांनी बहुतेक खाणं थाळीतलंच खाल्लं. त्यावरून मांजराला कोडी नकोत असं मात्र ठरत नाही. मांजर दबा धरून बसणारं, झडप घालणारं जनावर आहे. उकरत, हुंगत मैलभर हिंडणं त्याच्या रक्तात नाही. म्हणून त्याच्यासाठी घरंगळणारं, अवचित हलणारं खेळणं निवडावं. 2016 मध्ये मांजरांच्या वैद्यकातल्या एका नियतकालिकाने अशा कोड्यांनी वजन उतरलेल्या, घाबरटपणा आणि मारकेपणा कमी झालेल्या मांजरांची उदाहरणं छापली होती.

या सगळ्या खेळण्यांत एक उणीव राहतेच. कुत्रं हुशार असेल तर आठवड्याभरात पाटी पाठ करतं. कुठला ठोकळा कुठे सरकवायचा हे कळलं की उरते फक्त सवय, आणि पाटी पुन्हा वाटीच होऊन बसते. मग घडी बदलावी लागते, करवंटी पलंगाखाली सरकवावी लागते, नवा ट्रे आणावा लागतो. बोथ्याच्या रानात हे काम वाळवी करते. अस्वल निघून गेलं की उरलेल्या कामकरी वाळव्या ओली माती तोंडात धरून फुटलेल्या कडेवर येतात आणि भोक बुजवायला लागतात.