सत्तर वर्षांचं शून्य

मी बीटेक, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे बग सापडला नाही की तिकीट बंद. आजची गोष्ट मात्र अशा शोधाची, ज्यात सत्तर वर्षं काहीच सापडलं नाही आणि तरी तिकीट उघडंच आहे.

साल १९५०. अमेरिकेत हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल आणि नॉर्मन रॅम्झी यांना एक प्रश्न पडला. न्यूट्रॉनवर एकूण विद्युतभार शून्य. पण आतला धन आणि ऋण भार एकमेकांपासून किंचित सरकलेला असेल तर? तेव्हाचा समज होता की शक्यच नाही, निसर्ग डावं-उजवं करत नाही. यांचं म्हणणं, समज राहू द्या, प्रयोग करून बघू.

रॅम्झीकडे १९४९ची स्वतःची युक्ती होती. न्यूट्रॉन चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखा डुलतो. त्याला रेडिओलहरीचा एक धक्का द्यायचा, मोकळं सोडायचं, मग दुसरा धक्का. मधल्या वेळात तो किती फिरला ते अचूक कळतं. विद्युतक्षेत्र उलटं केल्यावर हा वेग बदलला, तर भार सरकलेला आहे! अशा यंत्रणेला आज आपण क्वांटम सेन्सर म्हणतो.

विद्यार्थी जेम्स स्मिथला घेऊन ओक रिजच्या अणुभट्टीवर प्रयोग झाला. उत्तर आलं शून्य. ते १९५७मध्ये छापलं गेलं. गंमत बघा, त्याच वर्षी चिएन-शिउंग वू यांच्या कोबाल्टच्या प्रयोगानं दाखवलं की निसर्ग खरंच डावं-उजवं करतो. रिचर्ड फाइनमन यावर रॅम्झीशी लावलेली ५० डॉलरची पैज हरले.

मग न्यूट्रॉनच्या मागे अजून का लागायचं? कारण विश्वाच्या सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान असतं, तर दोन्ही एकमेकांना संपवून बसले असते. आपण उरलोच नसतो. पारडं कुणीतरी झुकवलं, आणि त्याची खूण न्यूट्रॉनमध्ये सापडू शकते.

२०२०मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधल्या प्रयोगाचा निकाल आला. पुन्हा शून्य, पण १९५७पेक्षा दहा लाख पटींहून जास्त बारकाईनं तपासलेलं. न्यूट्रॉन पृथ्वीएवढा फुगवला, तर आतला भार केसाच्या जाडीइतकाही सरकलेला नाही! या शून्यानं कितीतरी नव्या सिद्धांतांची गोची केली.

आणि रॅम्झीची ती युक्ती? सीझियमच्या अणुघड्याळात तीच आहे. १९६७पासून सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या अणूवर ठरते. रॅम्झींना १९८९मध्ये नोबेल मिळालं.

मी हल्ली 'काहीच सापडलं नाही' असं लिहिण्याआधी स्वतःला विचारतो, किती बारकाईनं शोधलं? तुम्हीही विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!