सामाईक कोठारांतील तांबडी वाइन

फ्रान्सच्या दक्षिणेस लांगदोक प्रांतांत, बेझिए शहराजवळ, मारोसाँ नांवाचें एक खेडें आहे. १९०१ सालच्या डिसेंबरांत तेथील द्राक्षबागाईतदारांनीं एक सहकारी संस्था काढली व तिला 'स्वतंत्र बागाईतदार' असें नांव दिलें. पॅरिसच्या मजुराला परवडेल अशी साधी तांबडी वाइन विकणें हाच तिचा व्यवहार. बोर्दोच्या उंची मद्यांचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. या गरीब मद्याच्या मागें मात्र एका सबंध प्रांताच्या पोटाचा प्रश्न उभा होता.

ही वाइन एका जातीच्या द्राक्षांची नसते. कारिन्याँ रंग व तुरटपणा देतें, ग्रनाश तिला जोम आणतें, सँसोमुळें ती मऊ होते. मिश्रण करण्यांत गैर कांहींच नाहीं; तें कोण करतो आणि कशाचें करतो, एवढाच प्रश्न.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फायलॉक्सेरा नांवाच्या सूक्ष्म किडीनें फ्रान्सच्या द्राक्षवेलींचीं मुळें पोखरलीं. १८६८ मध्यें माँपेलिएच्या प्लांशाँ या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं ती कीड शोधून काढली. पुढें अमेरिकन वेलींच्या मुळांवर फ्रेंच वेलींचीं कलमें बांधून मळे पुन्हां उभे राहिले. परंतु सपाट जमिनींत आतां अरामाँ ही जात भरघोस पिकूं लागली; तिची वाइन फिकट व हलकी. व्यापारी तींत आल्जीरियाची कडक वाइन ओतीत. कोणी पाणी घालून साखरेनें जोर आणी, कोणी तर मनुकांपासूनच 'वाइन' तयार करी. १९०३ मध्यें साखरेवरील कर उतरल्यावर ही लबाडी आणखी सोपी झाली. खऱ्या द्राक्षांची वाइन पिंपांत पडून राहूं लागली आणि भाव कोसळले.

मारोसाँच्या लोकांनीं यावर काढलेला तोडगा साधा होता. प्रारंभीं जो तो आपल्या घरीं वाइन करी व संस्था ती एकत्र करून पॅरिसच्या कामगारांच्या सहकारी भांडारांना थेट विकी. मधला दलाल वगळला गेला. १९०५ मध्यें त्यांनीं सामाईक कोठार बांधलें. आतां द्राक्षेंच तेथें येऊं लागलीं, आणि लहान शेतकऱ्याला एकट्याला न परवडणारीं मोठीं टांकीं सर्वांच्या मालकीचीं झालीं. मिश्रण येथेंही होई, पण शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. इमारतीच्या दर्शनी भागावर 'सर्व प्रत्येकासाठीं, प्रत्येक सर्वांसाठीं' अशा अर्थाचें वाक्य कोरलें गेलें. त्याच वर्षीं समाजवादी पुढारी जाँ जोरेस तेथें येऊन गेला.

एका खेड्याच्या कोठारानें प्रांताचें संकट टळणार नव्हतें. ११ मार्च १९०७ रोजीं आर्जलिए गांवचा मार्सलँ आल्बेर हा बागाईतदार ८७ माणसांसह गाऱ्हाणें घेऊन नार्बोनला पायीं गेला. तीन महिन्यांच्या आंत, ९ जूनला, माँपेलिए येथें लाखोंचा समुदाय लोटला. पंतप्रधान क्लेमान्सोनें सैन्य धाडलें. १९ व २० जूनला नार्बोनमध्यें गोळीबारांत सहा जण ठार झाले. ही वार्ता ऐकून सतराव्या पायदळ पलटणीच्या सुमारें पांचशें शिपायांनीं बंड पुकारलें व ते बेझिएला चालून आले. तीं त्याच मुलखांतलीं पोरें होतीं. आपल्या आईबापांवर बंदुका कशा रोखणार? आल्बेर पॅरिसला जाऊन क्लेमान्सोला भेटला. त्या धूर्त मुत्सद्द्यानें परतीच्या भाड्यासाठीं १०० फ्रँक पुढें केले, भोळ्या आल्बेरनें ते घेतले, आणि ही गोष्ट वृत्तपत्रांत येतांच गांवोगांव तो फितूर ठरला. बंदुकीनें जें साधलें नाहीं तें एका नोटेनें साधलें.

तरी लढा फुकट गेला नाहीं. २९ जून १९०७ च्या कायद्यानें प्रत्येक उत्पादकास आपलें पीक जाहीर करणें भाग पडलें व पाणी-साखरेच्या लबाडीला आळा बसला. पुढील दशकांत लांगदोकच्या गांवोगांव सामाईक कोठारें उभीं राहिलीं. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फ्रेंच लोकांचें साध्या वाइनीचें सेवन घटलें, युरोपीय अनुदान घेऊन असंख्य वेली उपटल्या गेल्या आणि कित्येक संस्था एकमेकींत विलीन झाल्या. उरलेल्यांनीं उत्पन्न कमी करून प्रत सुधारली. १९८५ मध्यें याच प्रांतांतील कोर्बिएर टापूच्या मद्याला सरकारी प्रदेशनाम मिळालें. तें लावावयाचें तर तांबडी वाइन एकाहून अधिक जातींच्या मिश्रणाचीच असली पाहिजे, असा त्याचा नियम आहे.