क्वांटम बॅटरी म्हणजे काय? पुण्यातल्या प्रयोगातून काय कळलं?

क्वांटम बॅटरी म्हटलं की क्षणात चार्ज होणारा मोबाइल डोळ्यांसमोर येतो. पुण्यात तपासली गेलेली बॅटरी मात्र एका अणुकेंद्रकाएवढी आहे. 'आयसर पुणे'मधील जितेंद्र जोशी आणि टी. एस. महेश यांचा हा प्रयोग २०२२ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ए' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ऊर्जा तीच, काम वेगळं

बुलढाणा जिल्ह्यातून पंढरपूरला जाणारी शेगावची पालखी आठवा. वारकरी टाळाच्या ठेक्यावर एकत्र पाऊल टाकतात. आठवडी बाजारातही तेवढीच माणसं चालतात, पण प्रत्येकाची दिशा वेगळी. जड रथ ओढायचा तर दिंडीच कामाची. क्वांटम जगातल्या अशा तालाला कोहेरन्स किंवा सुसंगती म्हणतात. (फरक एवढाच, की हा ताल एकाच कणाच्या दोन शक्यतांमध्येही असतो.)

समजा, एका कणाच्या दोनच अवस्था आहेत, रिकामी आणि भरलेली, आणि दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. म्हणजे सरासरी ऊर्जा अर्धी. सुसंगती नसेल, तर उष्णतेची देवाणघेवाण न करता त्यातून शून्य काम मिळतं. पूर्ण सुसंगती असेल, तर ती सगळी ऊर्जा कामी येते. असं काढता येण्याजोगं जास्तीत जास्त काम म्हणजे 'एर्गोट्रॉपी'. हे नाव २००४ मधलं.

मग ऊर्जा फुकट मिळते का?

नाही. सुसंगती तयार करायला खर्च येतो आणि आजूबाजूच्या उष्णतेने ती विरते. उष्मागतिकीचा दुसरा नियम शाबूत आहे.

पुण्यात काय केलं?

दवाखान्यातलं एमआरआय ज्या तत्त्वावर चालतं, तेच तंत्र इथे वापरलं. ताऱ्यासारख्या रचनेच्या रेणूत मधलं केंद्रक बॅटरी झालं आणि भोवतीची सारखी केंद्रकं चार्जर. त्यांच्यात क्वांटम सहसंबंध जुळले की बॅटरी लवकर भरते, हे मोजमापात दिसलं. पण झोपाळ्यासारखी ती भरून पुन्हा रिकामीही होते. त्यावर संशोधकांनी टप्प्याटप्प्याने चार्ज करायची सोपी पद्धत काढली. शेवटी आणखी एक केंद्रक 'लोड' म्हणून घेतलं आणि दोन मिनिटांपर्यंत साठवलेली ऊर्जा वापरून दाखवली.

एवढ्यावर मोबाइल? एका केंद्रकात मावणारी ऊर्जा रेडिओलहरीच्या एका कणाएवढीच असते. अशा बॅटरीचा उपयोग झालाच, तर आधी क्वांटम उपकरणांच्या आत होण्याची शक्यता जास्त.