हार्टिंग्टन, लॉर्ड
(२३ जुलै १८३३–२४ मार्च १९०८). ब्रिटनचे पंतप्रधानपद तीन वेळा नाकारणारा इंग्रज उमराव व मुत्सद्दी. पूर्ण नाव स्पेन्सर कॉम्प्टन कॅव्हेंडिश. त्याचे घराणे व्हिग परंपरेतील बडे जमीनदार असून डर्बीशरमधील चॅट्सवर्थ येथे त्यांचा वाडा, तर आयर्लंडमध्ये लिझमोर येथे मोठी जमीनजुमल्याची मालमत्ता होती. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून पदवी घेतल्यावर (१८५४) तो १८५७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आला. ‘मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन’ ही ड्यूकच्या ज्येष्ठ पुत्राची केवळ सौजन्यदर्शक उपाधी असल्याने वडील हयात असेतो, म्हणजे १८९१ पर्यंत, त्याला त्या सभागृहात बसता आले. भाषणाचा त्याला मनस्वी कंटाळा होता. स्वतःच्याच भाषणात त्याने जांभई दिल्याची आख्यायिका आहे. घोड्यांच्या शर्यती त्याला अधिक प्रिय होत्या. तथापि स्वार्थ नसलेला सरळ माणूस म्हणून त्याच्या शब्दाला वजन होते.

ग्लॅडस्टनने नेतृत्व सोडल्यावर १८७५ मध्ये तो कॉमन्समधील उदारमतवादी पक्षाचा नेता झाला. १८८० च्या निवडणुकीत पक्ष विजयी होताच व्हिक्टोरिया राणीने त्यालाच पाचारण केले. परंतु ग्लॅडस्टनशिवाय मंत्रिमंडळ टिकणार नाही, हे ओळखून त्याने नकार दिला. भारतमंत्री (१८८०–८२) असताना कंदाहारमधून फौजा काढून घेण्याचा निर्णय अंमलात आला. पुढे युद्धमंत्री (१८८२–८५) या नात्याने खार्टूममध्ये अडकलेल्या गॉर्डनच्या सुटकेसाठी त्याने राजीनाम्याची धमकी देऊन मोहीम मंजूर करविली; ती दोन दिवस उशिरा पोहोचली.

आयर्लंडच्या प्रश्नाने त्याच्या राजकारणाला कलाटणी दिली. त्याचा धाकटा भाऊ फ्रेडरिक आयर्लंडचा मुख्य सचिव म्हणून डब्लिनला पोहोचताच ६ मे १८८२ रोजी फिनिक्स पार्कमध्ये मारला गेला. तरीही ग्लॅडस्टनच्या आयरिश स्वराज्य विधेयकाला त्याने केलेला विरोध निव्वळ सूडाचा मानता येत नाही. संसदेचे ऐक्य व जमीनमालकांचे हितसंबंध या दोहोंची त्याला चिंता होती. आयर्लंडमधील जमिनीचा तो वारसदार होता, हेही विसरता येत नाही. ८ जून १८८६ रोजी विधेयक ३० मतांनी फेटाळले गेले व पक्ष दुभंगला. हार्टिंग्टनबरोबर बहुसंख्य व्हिग जमीनदारही बाहेर पडले आणि या वर्गाचा उदारमतवादी पक्षाशी असलेला जुना संबंध जवळजवळ संपला. त्याच वर्षी सॉल्झबरीने त्याला दोनदा पंतप्रधानपद देऊ केले; हुजूर पक्षाच्या बळावर ते घेणे त्याला रुचले नाही.

१८९५ मध्ये मात्र तो सॉल्झबरीच्या मंत्रिमंडळात सामील झाला. खुल्या व्यापाराच्या प्रश्नावरून १९०३ मध्ये त्याने राजीनामा दिला. कान (फ्रान्स) येथे तो निधन पावला. तो निपुत्रिक असल्याने ड्यूकपद पुतण्या व्हिक्टर कॅव्हेंडिश याच्याकडे गेले.