टाकळीच्या गाळातले सुप्त बीजाणू

नागपूरचा इतिहास म्हटलं की आपण भोसल्यांपासून सुरुवात करतो. आज आपण जरा मागे जाऊ, सुमारे साडेसहा कोटी वर्षं.

१८५१ साली स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांना नागपूरजवळच्या टाकळीला गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म मिळाले. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ! म्हणजे उद्रेक मध्ये थांबत होते, आणि तेवढ्या अवधीत तळी साचून त्यांत जीवसृष्टी नांदत होती.

नागपूर परिसरातल्या अशा गाळात कारा नावाच्या शैवालाच्या बारीक गोळ्याही सापडतात, साधारण मोहरीच्या दाण्याहून लहान. आजही कारा तळ्यांत वाढतो. तळं आटलं की झाड मरतं, पण त्याचा बीजाणू चिखलात झोपून राहतो आणि पाणी आलं की रुजतो. त्याच्याभोवती पाच पेशी मळसूत्रासारखे वेढे घेतात. त्यांत चुना साठतो, आणि हेच कवच जीवाश्म होऊन उरतं.

साध्या सूक्ष्मदर्शकातून वेढे दिसतात, मोजताही येतात. पण गोळी उंचसखल असल्यामुळे ती एकाच वेळी सगळी स्पष्ट दिसत नाही. १९६५ पासून क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात आला आणि ही अडचण सुटली. गोळीवर सोन्याचा पातळ मुलामा द्यायचा आणि इलेक्ट्रॉनांचा झोत तिच्यावरून फिरवायचा. मग शेंड्याशी पाच पेशी कशा मिळतात, तळाशी छिद्र कसं आहे, वेढ्यांवर नक्षी आहे का, हे नीट दिसतं. प्रजाती ठरते ती या खुणांवरूनच.

याचं महत्त्व काय? वाद होता दख्खनच्या लाव्ह्याच्या वयाचा. १९३४ साली बिरबल साहनींनी वनस्पती-जीवाश्मांच्या आधारे तो तृतीयक काळातला, म्हणजे डायनोसॉरनंतरचा, असा कौल दिला. पुढे किरणोत्सारी कालमापन, खडकांतलं चुंबकत्व आणि इतर जीवाश्म यांमुळे मुख्य उद्रेक ६.६ कोटी वर्षांच्या आसपास, डायनोसॉर संपले त्या सीमेपाशी आले. काराची कवचं या पुराव्यातला एक दुवा. पण एक लक्षात ठेवू या: फोटो वय सांगत नाही, फक्त आकार दाखवतो. वय ठरतं ते तुलनेतून.

आणि तुलनेला नमुना हवा, तो कुठल्या थरातला याची नोंद हवी. टाकळी आज शहरात सामावली आहे. यंत्र पुन्हा विकत घेता येतं हो, पण इमारतीखाली गेलेला थर परत मिळत नाही. म्हणून आपल्या गावात पाया खणताना काळ्या दगडाखाली गाळाचा थर दिसला, तर काम पुढे जाण्याआधी जवळच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवू या.