अरिट्ठ थेरांच्या दोन यात्रा

दोन देशांतील स्नेह दृढ व्हावा म्हणून त्यांच्या संसदांनी आपल्या तरुण सदस्यांची शिष्टमंडळे परस्परांकडे पाठवावीत, हा प्रघात आज जगभर रूढ झाला आहे. अशा भेटींत सत्कार होतात, भेटवस्तूंची देवाणघेवाण होते, सभागृहांचे कामकाज पाहिले जाते आणि पाहुणे स्वदेशी परततात. परंतु भेट फळाला आली हे कशावरून ओळखावे, या प्रश्नाचा विचार क्वचितच केला जातो. पालि वाङ्मयात या प्रश्नाचे एक प्राचीन आणि नेमके उत्तर आढळते. ते उत्तर भारत व श्रीलंका या दोन देशांच्या संबंधांतून, लंकेच्या एका राजपुरुषाच्या चरित्रातून आलेले आहे. त्या राजपुरुषाचे नाव महाअरिट्ठ.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लंकेत देवानंपियतिस्स राज्यावर आला. महावंसाच्या अकराव्या परिच्छेदात असे सांगितले आहे की, तो आणि सम्राट अशोक हे एकमेकांना कधीही न भेटलेले मित्र होते. तिस्साने आपली मौल्यवान रत्ने अशोकाकडे पाठविण्यासाठी चार दूत निवडले : आपला भाचा व मुख्य अमात्य महाअरिट्ठ, राजपुरोहित, आणखी एक अमात्य आणि गणक. जंबुकोल बंदरातून निघून ते सात दिवसांत भारताच्या किनाऱ्यास लागले व पुढील सात दिवसांत पाटलिपुत्रास पोहोचले. अशोकाने अरिट्ठास सेनापती, पुरोहितास पुरोहितपद, अमात्यास दंडनायक आणि गणकास श्रेष्ठी अशा पदव्या दिल्या. पाच महिने हे दूत तेथे राहिले. वैशाखाच्या शुक्ल पक्षात ते ताम्रलिप्तीहून परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर राज्याभिषेकाचे साहित्य होते आणि अशोकाचा निरोपही होता. आपण बुद्ध, धम्म व संघ यांना शरण गेलो आहोत, मित्रानेही त्या त्रिरत्नांचा आश्रय घ्यावा, असा त्या निरोपाचा आशय होता.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. परदेशी दूतांना पदव्या देणे आणि मित्रराजाचा पुन्हा अभिषेक करविणे यांत बरोबरीचे नाते दिसत नाही. मोठ्या साम्राज्याने लहान राज्यावर धरलेली ही छाया होती, असे म्हणण्यास जागा आहे. शिवाय महावंस हा ग्रंथ या घटनांनंतर सात शतकांहून अधिक काळाने रचला गेला. अशोकाच्या शिलालेखांत महिंद थेरांचे नाव नाही. मात्र दुसऱ्या व तेराव्या शिलालेखांत तंबपण्णीचा उल्लेख आहे, आणि तेराव्या शिलालेखात धम्मविजयाच्या संदर्भात दूतांचाही उल्लेख आहे. पूर्व श्रीलंकेतील राजगल येथील ब्राह्मी लेखात महिंद व इत्तिय या थेरांच्या स्तूपाची नोंद मिळते. तेव्हा वंसग्रंथांतील तपशिलांत भर पडली असली तरी मूळ घटना निराधार ठरत नाही.

दूत परतल्यानंतर त्याच वर्षी ज्येष्ठ पौर्णिमेस महिंद थेर लंकेत आले. विसाव्या वर्षी त्यांची उपसंपदा झाली होती आणि तिला तेव्हा बारा वर्षे पूर्ण झाली होती. म्हणजे ते बत्तीस वर्षांचे होते. पुढे राणी अनुला व तिच्या सहचारिणी यांनी प्रव्रज्येची इच्छा व्यक्त केली. स्त्रियांना दीक्षा देण्यासाठी भिक्षुणीसंघ हवा, असे महिंदांनी सांगितले व आपली भगिनी संघमित्ता थेरी यांना बोलावून घेण्यास सुचविले. या कामासाठी राजाने पुन्हा अरिट्ठाचीच निवड केली. अरिट्ठाने होकार दिला, परंतु एक अट घातली : परत आल्यावर आपणास प्रव्रज्या घेण्याची अनुज्ञा असावी. पहिल्या यात्रेत सेनापतिपदाचा मान घेऊन आलेला हा पुरुष दुसऱ्या यात्रेस निघताना सर्व पदांचा त्याग मागत होता.

ही दुसरी यात्रा पहिलीपेक्षा वेगळी होती. कन्येचा वियोग अशोकास कठीण वाटला, पण भावाचा शब्द मोठा आहे आणि दीक्षेची वाट पाहणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ आहेत, असे संघमित्तांनी पित्यास सांगितले. बोधिवृक्षाची शाखा व भिक्षुणी यांच्यासमवेत जी कुटुंबे लंकेस गेली, त्यांत राजकुलीन व अमात्य होते, तसेच विणकर आणि कुंभारही होते, असे महावंस सांगतो. महिंद व संघमित्ता पुन्हा भारतात परतले नाहीत. लंकेतच त्यांचे परिनिर्वाण झाले.

अरिट्ठाच्या दीक्षेबाबत ग्रंथात विसंगती आहे. सोळाव्या परिच्छेदानुसार त्याने पंचावन्न भावांसह महिंदांच्या पहिल्याच वर्षावासाच्या वेळी दीक्षा घेतली. एकोणिसाव्या परिच्छेदानुसार मात्र तो बोधिशाखा आणल्यानंतर पाचशे जणांसह प्रव्रजित झाला. एकाच नावाच्या दोन व्यक्ती असाव्यात किंवा दोन परंपरा एकत्र आल्या असाव्यात. अमात्य अरिट्ठ भिक्षू झाला, याविषयी मात्र दोन्ही ठिकाणी एकमत आहे.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. आचार्य बुद्धघोषांच्या समंतपासादिकेत एक प्रसंग आहे. स्तूप उभे राहिले, विहार बांधले गेले, बोधिवृक्ष लावला गेला. तेव्हा राजाने महिंद थेरांना विचारले की, लंकेत बुद्धशासन प्रतिष्ठित झाले काय? थेरांनी उत्तर दिले की, शासन प्रतिष्ठित झाले आहे, पण त्याची मुळे अद्याप खाली उतरलेली नाहीत. तंबपण्णी द्वीपात, तंबपण्णीच्याच मातापित्यांच्या पोटी जन्मलेला पुत्र येथेच प्रव्रजित होऊन, येथेच विनय शिकून, येथेच त्याचे कथन करील, तेव्हा मुळे उतरली असे म्हणावे. त्यानंतर थूपाराम येथे भिक्षुसंघ जमला आणि महाअरिट्ठ थेरांनी विनयाचे कथन केले.

हे वचन काळजीपूर्वक पाहावे. धर्मदूत असलेल्या महिंदांनी आपल्या आगमनास यश मानले नाही. सम्राटाच्या भेटवस्तूंस मानले नाही, बोधिवृक्षासही मानले नाही. यजमान देशातील माणूस स्वतः विधी-नियमांचा ज्ञाता होऊन आपल्या भूमीवर उभा राहतो, तेव्हा पाहुण्याचे काम संपते, अशी त्यांची कसोटी होती. पहिल्या यात्रेतील विषमता या कसोटीने नाहीशी केली. अशोकाने दिलेल्या पदवीने अरिट्ठाचे नाव टिकले नाही. विनयधर म्हणून टिकले.

विनय म्हणजे केवळ आचारनियम नव्हेत. ती संघाची घटना आहे. संघकर्मात ‘ञत्ति’ म्हणजे प्रस्ताव मांडावा लागतो, महत्त्वाच्या कर्मात त्याची तीन वेळा घोषणा होते, गणपूर्ती पाहिली जाते, आणि एकमत न झाल्यास शलाकांच्या साहाय्याने बहुमत घेतले जाते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गोष्टीचा निर्देश केला. भिक्षुसंघांना सांसदीय कार्यपद्धतीचे नियम ज्ञात होते, ही पद्धती भारतास नवी नाही, पण भारताने ती गमावली, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे ध्यानात घेतल्यास अरिट्ठ थेर हे अशा विधिसंहितेचे पहिले लंकावासी आचार्य ठरतात.

बुद्धघोषांनी दिलेली विनयाची आचार्यपरंपराही वाचण्याजोगी आहे. ती उपालि थेरांपासून सुरू होते आणि मोग्गलिपुत्त तिस्स, महिंद यांच्यामार्फत अरिट्ठांपर्यंत येते. उपालि हे कपिलवस्तूचे न्हावी. शाक्यकुमारांनी आपला अभिमान गळावा म्हणून त्यांना स्वतःच्या आधी दीक्षा देण्याची विनंती भगवंतांस केली आणि नंतर त्यांना वंदन केले. राजगृहाच्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न उपालींनाच विचारले गेले. लंकेच्या राजाचा भाचा विनयाच्या आसनावर बसला, तो एका न्हाव्याचा वारस म्हणून. राजदरबारातील पदवीने जे साधले नसते, ते विनयाने साधले.

पुढे ही वाट उलट दिशेनेही वाहिली. भारतातून संघ लोपला, पण लंकेने पालि तिपिटक जपले. गोमंतकातील धर्मानंद कोसंबी १९०२ साली लंकेस गेले, कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी पालि शिकले आणि ते ज्ञान त्यांनी मराठीत आणले. १९५० च्या मे महिन्यात भारताचे विधिमंत्री असलेले बाबासाहेब कँडी येथील बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले. सहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात धम्मदीक्षा झाली. अरिट्ठ पाटलिपुत्रास गेले होते. बावीस शतकांनंतर भारताचे विधिमंत्री अरिट्ठांच्या देशात गेले.

म्हणूनच महिंद थेरांचा निकष आज आपणासही लागू पडतो. आपले अनेक तरुण श्रीलंका व थायलंड येथे अध्ययनासाठी जातात, तेथील भिक्षू आपल्याकडे येतात, मूर्ती येतात, विहार उभे राहतात. हे सर्व आवश्यक आहे. परंतु महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेला, येथेच शिकलेला आणि आपल्या माणसांसमोर मराठीत विनय उलगडून सांगणारा विनयधर आपल्या किती विहारांत आहे, हे प्रत्येक विहार समितीने स्वतःस विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढील वर्षावासात विनयाच्या नियमित अध्ययनाचा एक वर्ग तरी सुरू करावा. मुळे खाली उतरविण्याचे काम पाहुण्यांवर सोपविता येत नाही.